घरची वीट

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

वनिताला पनवेलला जागृतीकडे जाऊन आज तेरा दिवस झाले. घरात बोलायला माणूस नाही, म्हणून ही वही काढली. खोपोलीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं शिफ्टचा रिपोर्ट लिहिला. त्यात मशीन का बंद पडलं एवढंच लिहायचं असायचं. इथं काय लिहितात देव जाणे.

झालं ते असं. २३ ऑक्टोबरला सकाळी वनिता बाथरूममध्ये पडली. साबणावर पाय पडला. तिच्याबरोबर टॉवेलची दांडीही खाली आली. डाव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, दिवाळी हॉस्पिटलातच गेली. आता लेकीकडे वॉकर धरून चालते. डॉक्टर म्हणतात, डिसेंबरच्या मध्याला घरी न्यायला हरकत नाही, पण बाथरूममध्ये धरायला स्टीलचे दांडे पक्के बसलेले हवेत.

जागृती म्हणाली, "बाबा, माणूस बोलवा." मी म्हटलं, माणूस कशाला? हे घर बांधलं कुणी? शहाण्णव साली भिसेगावात जो तो विकतची वीट आणत होता, तेव्हा आम्ही आमच्या शेतातली माती, आमच्या भाताचं तूस घेऊन शेतातच भट्टी लावली होती. घरची वीट! पाव्हणे आले की मी अजून भिंतीवर मूठ आपटून दाखवतो. रोहिदासच्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन दांडे आणि ड्रिल मशीन आणलंय. उद्या बसवून टाकतो. तासाभराचं काम.

२० नोव्हेंबर, बुधवार

तासाभराचं काम म्हणालो होतो ना, दोन दिवस गेले.

लादीला चिकटपट्टी लावली, तिच्यावर खूण केली, मशीन हळू चालवलं. लादीला तडा नाही. स्वतःवरच खूश झालो. लादी संपून वीट लागली आणि मशीन अडलं ते अडलंच. अर्धा तास जोर लावला. जळका वास आला, बिटाचं टोक निळं पडलं, भोक पाऊण इंचसुद्धा नाही. म्हटलं दगडच लागला. चार बोटं खाली दुसरं भोक घेतलं, तर भिजल्या भाकरीत बोट जावं तसं बिट मुठीपर्यंत आत गेलं आणि मी कपाळानं लादीवर आपटलो. भोकातून पिवळी भुकटी गळत राहिली. प्लास्टिकची गिट्टी घातली, स्क्रू पिळला, तर गिट्टीच गरागरा फिरायला लागली.

बिट हलक्या प्रतीचं असणार. लाइटही कमीजास्त होते आजकाल.

याच भिंतीच्या पलीकडे वनिताचा ओटा. अठ्ठावीस वर्षांत तिने त्या बाजूने एक खिळा ठोकू दिलेला नाही. डबे खाली, मांडणी जमिनीवर. मी दोनदा फळी आणली आणि दोनदा तिने ती दुकानात परत नेऊन द्यायला लावली. म्हणे, मला खालीच बरं पडतं. बायकांच्या एकेक सवयी.

२४ नोव्हेंबर, रविवार

रोहिदासने केमिकलची नळी दिली. भोकात भरायची, बोल्ट खुपसायचा, चोवीस तास हात लावायचा नाही. मी तीस तास थांबलो. मग दांडा धरून सगळं वजन टाकलं. दांडा, बोल्ट, केमिकल आणि मुठीएवढा विटेचा गोळा असं सगळं हातात आलं आणि मी बादलीत बसलो. वर अर्धी लादी फुटून पायावर पडली. बरं झालं बघायला कुणी नव्हतं.

गोळा घेऊन तसाच दुकानात गेलो. रोहिदासने तो उलटासुलटा करून पाहिला. "काका, केमिकल पक्कं धरलंय. वीट सुटलीय."

"वीट घरची आहे," मी म्हटलं.

"मग भट्टी ज्याने लावली त्यालाच विचारा ना."

असा राग आला! भट्टी लावली होती मंगळ्याने, खालच्या ठाकुरवाडीवरचा ठाकूर. त्याने तूस कमी घातलं नि विटा कच्च्या ठेवल्या, हे मी तेव्हाच माझ्या वडिलांसमोर, अण्णांसमोर, चार लोकांसमोर सांगितलं होतं. आता त्याला काय विचारायचं?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

जागृतीचा फोन. "बाबा, पंधरा डिसेंबरला आईला आणायचं ठरतंय. दांडे नसतील तर मी नाही पाठवणार. इथंच राहील. उन्हाळ्यानंतर बघू."

उन्हाळ्यानंतर! म्हणजे पाऊस लागणार, मग पावसाळ्यात कशाला, मग गणपती. मला कळतं ते.

वनिताने फोन घेतला. जेवलात का, डाळ आंबट नाय ना झाली, गॅस नीट बंद करता ना. मग म्हणाली, "त्या भिंतीच्या नादी लागू नका. नाय जमलं तर ऱ्हाऊ द्या. मी इथं बरी हाय."

बरी हाय म्हणाली. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. ते मला फार लागलं. ती परत यायला हवी. तोंडाने बोलायला जमणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. तिच्याशिवाय हे घर मला नको आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलो वाडीवर. दुसरा इलाजच नव्हता. मंगळ्या खळ्यावर भात झोडत होता. सत्तरीला टेकलाय, पण पेंढी अजून डोक्यावरून आपटतो. त्याची बायको चिंधी भात पाखडत होती, तिने मला पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"कोन, जगूभाऊ?" मंगळ्या म्हणाला.

मी वनिता पडल्याचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं. बाकी काही नाही. तो पेंढ्यांकडे बघत होता. "वैनी चालतात का?" म्हणाला. चालते म्हटलं, वॉकर धरून. "उद्या येतो."

चिंधीने पाणीसुद्धा विचारलं नाही. ठाकुरांच्या घरात असं होत नाही कधी. कामात असेल.

३० नोव्हेंबर, शनिवार

मंगळ्या सकाळी आठला हजर. आधी मशीनला हात लावला नाही. हातोडीच्या दांड्याने वरपासून खालपर्यंत लाद्या वाजवत गेला. कुठे टण्ण, कुठे बद्द. पेन्सिलीने खुणा केल्या. मग म्हणाला, "तुमी मशीन चालवा, मी धूळ बघतो." मी भोक पाडायचं, त्याने खाली तळवा धरायचा, असं सुरू झालं.

"ही पिवळी. भायेरच्या थराची. आग पोचलीच नाय हिला."

पुढचं भोक. बिट किंचाळलं, काळपट भुकटी चिमूटभर आली. "ही खंगर. आगीच्या तोंडची, जळून दगड झाली."

आणखी एक. पुन्हा पिवळी. सात भोकं झाली. त्याने हात झटकला. "भट्टीच्या मधली वीट या भिंतीत नायच, जगूभाऊ."

"बाहेरच्या भिंतींना गेली असेल," मी म्हटलं.

"व्हय. चांगली तिकडं लावली. ऱ्हायली ती हितं." तो माझ्याकडे बघत होता. मी बिट बदलायला घेतलं. बदलायची काही गरज नव्हती.

मग त्याला नळाच्या वरची दोन जुनी भोकं दिसली. "ही कसली?"

"टॉवेलची दांडी होती."

त्याने भोकात बोट घातलं. बोट पेरापर्यंत आत गेलं. "वैनींनी हीच धरली व्हती?"

"साबणावर पाय पडला तिचा."

"पडला आसंल," तो म्हणाला. "मानूस घसारला की कायतरी धरतोच."

मी चहा करायला उठलो. साखर घालायची राहिली. त्याने तसाच घेतला.

१ डिसेंबर, रविवार

खोटंच लिहायचं तर वही कशाला? रिपोर्ट काय कमी लिहिले?

साबण त्या दिवशी कोनाड्यात होता, कोरडा ठणठणीत. मी वनिताला उचलायला आत गेलो तेव्हा पाहिला होता. तिचा पाय नुसता लचकला, तिने दांडी धरली, आणि दांडी भिंतीतून निघून आली. दांडी मीच ठोकली होती, दोन वर्षांपूर्वी. साबणाचं मी जागृतीला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. वनिताने एकदाही "नाही" म्हटलं नाही.

आणि भट्टीचं. मंगळ्याने बजावलं होतं, भट्टी लावल्यापासून अठरा दिवस हात लावायचा नाही. मातीचा लेप दिलाय, आत आग आपोआप चढेल, आपोआप उतरेल. तो लग्नाला वाडीवर गेला. इकडे गवंडी रोज विचारायचा, विटा कधी, नाहीतर मी दुसऱ्या कामाला लागतो. वनिताला सहावा महिना होता. पावसाआधी स्लॅब पडला नाही तर बाळ जुन्या गळक्या घरात आणावं लागणार होतं. मला ते सहनच होत नव्हतं. अकराव्या दिवशी मी चार गडी लावून भट्टी फोडली. विटांना हात लावता येईना म्हणून वरून पाणी ओतलं. धूर आणि वाफ पार रस्त्यापर्यंत गेली. निम्म्या विटा पिवळ्या निघाल्या.

संध्याकाळी अण्णा आले. हे काय, म्हणाले. मी म्हटलं, मंगळ्याने भट्टी कच्ची लावली. तेवढ्यात मंगळ्याच आला. त्याने एवढंच विचारलं, भट्टी फोडली कोनी? मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तूच सांगून गेलास ना, उघडा म्हणून." तो अण्णांकडे बघत राहिला. अण्णांनी तोंड फिरवलं.

नंतर मी ते इतक्यांदा सांगितलं, की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. शरम वाटते. दुसरा शब्द नाही.

४ डिसेंबर, बुधवार

पनवेलला जाऊन आलो. जागृती कामावर होती. वनिता गॅलरीत खुर्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बारीक झालीय. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, भट्टी, मंगळ्या, दांडी, साबण.

तिचा हात थांबला नाही. "भिंतींना पानी मारायला कोन जायचं? मीच ना, पोट घेऊन. चार बादल्या मारल्या की खालच्या विटेचा चिखल हाताला यायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"कवा बोलू? तुमी पाव्हण्यांम्होरं भिंतीवर मूठ आपटत व्हता. ती दांडी लावलीत तवा म्हटलं होतं, नको. तुमी काय म्हनालात? हत्ती लटकला तरी हलायची नाय."

मला डोळ्यांत पाणी आलं. ती बघून न बघितल्यासारखं करत होती.

"मंगळदादाला सांगितलं?"

"अजून नाही."

"मग माझ्याम्होरं कशापायी रडता? माझं हाड मोडलं, जुळंल ते. त्याला तुमी सगळ्यांदेखत खोटा पाडला." आणि शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. "सोला."

गाडीची वेळ होईपर्यंत सोलत बसलो. पंधराला येईन असं म्हणाली नाही. येणार नाही असंही म्हणाली नाही.

७ डिसेंबर, शनिवार

मंगळदादाने उपाय सांगितला. या भिंतीत काही रुतवायला जाऊच नये, कच्ची वीट कशालाच धरून ठेवत नाही. भोक आरपार काढायचं, पलीकडे स्वयंपाकघरातून लोखंडी पट्टी लावायची, आणि लांब बोल्टने भिंत दोन्ही अंगांनी आवळायची. मग वजन एका विटेवर येत नाही, अख्ख्या भिंतीवर येतं.

बोल्ट आणायला दोघं रोहिदासकडे गेलो. शनिवार, दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं. दोघं तर अण्णांना ओळखणारी, आमच्या आळीतली. मनात म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. खोटं चारचौघांत बोललो होतो.

"रोहिदास," मी म्हटलं, "तू विचारलंस ना, भट्टी कुणी लावली. भट्टी याने लावली, चांगली लावली होती. मी ती मुदतीआधी फोडली आणि नाव याचं घेतलं. अठ्ठावीस वर्षं घेत आलो."

एक गिऱ्हाईक खिळे मोजायचं थांबलं. मंगळदादा काउंटरवरचे बोल्ट चाळत होता. वर न बघता म्हणाला, "बारा एमेमचे द्या. लांबीला आठ इंच."

येताना रस्त्यात मात्र बोलला. "त्या सालानंतर चार वरसं मला हिकडं कोनी भट्टीला बोलावलं नाय. चिंधी नि मी भिवंडीकडं जायाचो, पोरं घेऊन. धाकटी तिकडंच आजारली."

चिंधीने पाणी का विचारलं नाही ते मला आज कळलं. धाकटीचं पुढं काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

"मग आता आलास कशाला?" मी विचारलं.

"वैनी पडल्या म्हनून."

मी म्हटलं, माफ कर. तो "बरं" म्हणाला. त्या "बरं"चा अर्थ मी विचारला नाही, आणि त्यानेही सांगितला नाही.

११ डिसेंबर, बुधवार

आठ भोकं आरपार. तीन दिवस लागले. पिवळ्या विटेत मशीनचा हॅमर, म्हणजे ठोका, बंद ठेवून हळू, खंगरात दर मिनिटाला थांबून बिट पाण्यात बुडवायचं. मशीन माझ्याच हातात दिलं होतं त्याने. पाचव्या भोकाला पलीकडून ओट्यावर परातभर गिलावा कोसळला. मी घाईने जोर लावला होता. मंगळदादा म्हणाला, "तुमची घाई आजून गेली नाय," आणि हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

वनिताला फोन केला. म्हटलं, तुझ्या ओट्यावर दोन लोखंडी पट्ट्या दिसणार, बोल्टची टोकं दिसणार, चांगलं नाही दिसणार.

"दिसू द्या," ती म्हणाली. "पाव्हणे आले की त्या दाखवा आता."

१४ डिसेंबर, शनिवार

दोन्ही दांडे आवळले. आधी मी लटकलो, मग मंगळदादा, मग दोघं एकदम. हलले नाहीत. पट्ट्यांना रंग दिला. घर झाडलं. उद्या ती येतेय. फोनवर जागृतीच बोलली, वनिता नाही.

१५ डिसेंबर, रविवार

अकरा वाजता गाडी दारात आली. जागृतीने वॉकर लावून दिला. वनिता पायरी चढली, घरभर नजर फिरवली, आणि बसायचं सोडून थेट बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिली. मंगळदादा ओट्यापाशी होता, त्याला मी मुद्दाम बोलावलं होतं. तिने दांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाठ करून विचारलं, "मंगळदादा, धरू का?"

नवरा मी, दांडे लावले मी, आणि विचारलं त्याला. पण तिचं काय चुकलं?

मंगळदादा म्हणाला, "त्यांला इचारा, वैनी. भोकं त्यांनी पाडलीत."

ती माझ्याकडे वळली. माझ्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलंच होतं, हत्तीचं. गिळलं. म्हटलं, "किती धरेल ते मला सांगता येत नाही. भिंत कच्चीच आहे. आम्ही दोघं लटकलो तर निघाला नाही, एवढंच ठाऊक आहे. तू आधी ओढून बघ. मी मागे उभा आहे."

तिने एका हाताने ओढलं. मग दोन्ही हातांनी, ओठ दाबून, चांगलं हिसडून. जागृतीने डोळे मिटून घेतले. वनिताने वॉकर माझ्याकडे ढकलला आणि दांड्याला धरून आत पाऊल टाकलं.

"अंघोळ करते," म्हणाली. "दार लोटा. पण बाहेर थांबा, आन् बोलत ऱ्हा, मला आवाज यायला पायजे."

दार लोटलं. काय बोलायचं सुचेना. मग भट्टी फोडली त्या दिवशीचंच पहिल्यापासून सांगायला लागलो, गवंडी काय म्हणाला, गडी कुठून आणले, मोठमोठ्याने, आतपर्यंत जाईल असं. जागृतीने हे काहीच ऐकलेलं नव्हतं. ती भिंतीला टेकून माझ्या तोंडाकडे बघत होती. आतून नळाचा आवाज सुरू झाला.

"अकराव्या दिवशी मी भट्टी फोडली," मी म्हटलं.

"धाव्या," ओट्याकडून मंगळदादा म्हणाला.

मनातल्या मनात मोजलं. दहावाच होता.

"दहाव्या," मी म्हटलं, आणि पुढं सांगायला लागलो.